जुलैचा गुलाबी रंग

सिगब्रिट न्यूहोल्मचं नाक तिच्या बापाने घडवलं होतं. उत्तरेकडच्या थंड येम्टलंड प्रांतातल्या एका सहकारी डेअरीत तो लोणी पारखायचा, आणि शाळा सुटली की ही पोर त्याच्या पाठीशी उभी राहून प्रत्येक पिंपातला कण जिभेच्या टोकावर घ्यायची. बाराव्या वर्षी तिला असंही लोणी ओळखता यायचं, जे आज खवट नाही पण पुढच्या आठवड्यात होणार आहे. बाप फार बोलायचा नाही. पण एक गोष्ट त्याने तिला सांगून ठेवली होती. "चरबी झोपत नाही, सिगब्रिट. गारठ्यात ठेव, अंधारात ठेव, ती आपलं काम करतच राहते."

हे वाक्य तिला पाठ होतं. सात वर्षं ती ते विसरून वागली, एवढंच काय ते सांगायचं आहे.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती एकोणसत्तर साली लागली. कमरेत सरळ, केस कानापर्यंत कापलेले, पायात लाकडी तळाच्या चपला. त्या वाजल्या की खालच्या मजल्यावरच्यांना कळायचं की सात वाजले. शाळेपलीकडे तिने एक दीड वर्षाचा अभ्यासक्रम केला होता, बस. पण तिच्या हातात जी सफाई होती ती शिकून येत नाही. एकाच रक्ताच्या दोन नळ्या तिला द्या, दोन्हींचा आकडा जुळणार. इतरांचे जुळले नाहीत की ते पुन्हा करत. तिचे जुळले नाहीत की लोक यंत्र तपासत.

तिचं काम म्हणजे बापाचंच काम, फक्त लोण्याऐवजी माणूस. माणसाच्या अंगातली चरबीही खवटते, आणि आजाऱ्याची निरोग्यापेक्षा जास्त खवटते, असं वरची मंडळी म्हणत. तो खवटपणा मोजायची परीक्षा साधी होती, पूर्वी डेअऱ्यांमध्ये लोण्यावर करत तीच. रक्त यंत्रात फिरवून वर आलेलं पिवळट पाणी घ्यायचं, त्यात आम्ल आणि एक पांढरी पूड घालायची, नळी उकळत्या पाण्यात ठेवायची. खवटपणा असला की नळी गुलाबी होते. जितका गुलाबी, तितका खवट. मग यंत्र त्या रंगाचा आकडा सांगतं.

अठ्ठ्याऐंशी साली प्राध्यापक स्टेलान ब्रुंडीनने मधुमेह्यांचा खवटपणा मोजायला घेतला. इथे प्राध्यापकालाही नावाने हाक मारतात आणि तू म्हणतात. त्याने माणसं सारखी होतात असा समज आहे. स्टेलान उंच, गोड बोलणारा, कॉफीच्या वेळी सगळ्यांच्या मुलाबाळांची नावं घेऊन चौकशी करणारा. कोणाला तो कधी नाही म्हणाला नाही. त्याचं नाही म्हणजे "बघू या" असायचं, आणि ते कळायला नव्या माणसाला दोन वर्षं लागत.

मधुमेह्यांची वार्षिक तपासणी मे-जूनमध्ये व्हायची, कारण जुलैत दवाखाना बंद. जुलैत या देशात फक्त डास कामावर असतात. रक्त काढलं की नळ्या दवाखान्यातल्या साध्या फ्रीझरमध्ये जायच्या, उणे वीसला. तिथून त्या तळघरातल्या खोल फ्रीझरमध्ये न्यायच्या, उणे सत्तरला. त्याची किल्ली सिगब्रिटकडे असायची. दवाखाना आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये जमिनीखालून पाऊण किलोमीटरचा बोगदा. पहिल्या वर्षी ती रोज दुपारी पायाने रेटायची दुचाकी घेऊन जायची आणि नळ्या बर्फात घालून आणायची. दुसऱ्या वर्षी दवाखान्यातली नर्स म्हणाली, "रोज रोज कशाला तंगडतोड करतेस? साठू देत, एकदम ने." सिगब्रिटच्या गुडघ्याने तेव्हा नुकतीच कुरकुर सुरू केली होती. ती म्हणाली, "बरं." आधी आठवड्याने, मग जूनअखेरच्या मध्यग्रीष्माच्या सणानंतर, आणि सणानंतर तर सुट्टीच. किल्ली खिशात घेऊन ती तळ्याकाठच्या उन्हाळी घरात पाच आठवडे जायची आणि ऑगस्टमध्ये परतली की सगळ्या नळ्या एका फेरीत आणायची. निरोग्यांचं रक्त मात्र सप्टेंबरात यायचं, रक्तदात्यांकडून. तेव्हा ती जागेवर असायची. ते थेट खोल फ्रीझरमध्ये.

वहीत ती दोन्हींपुढे 'उणे सत्तर' लिहायची. खोटं नव्हतं ते. शेवटी त्या नळ्या तिथेच होत्या. फक्त अर्धं होतं.

त्यानंतर निकाल दर वर्षी असा छान यायचा की स्टेलान परिषदांना जाऊ लागला. मधुमेही ठळक गुलाबी, निरोगी फिके. आणि सगळ्यात गुलाबी कोण, तर सिगब्रिटचा नवरा एव्हर्ट.

एव्हर्ट बस चालवायचा, मग साखरेमुळे डोळे कमी झाल्यावर घरी बसला. माणूस हसरा, खाण्यावर फार जीव. तपासणीच्या पहिल्या दिवशी सिगब्रिट त्याला कामावर जाताना बरोबरच घेऊन जायची. घरातला माणूस, रांगेत कशाला उभा करायचा? त्यामुळे दर वर्षी पहिली नळी त्याची. एकदा बोगद्यात स्टेलान भेटला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एव्हर्ट, आख्ख्या अभ्यासात तुझ्याइतका गुलाबी कोणी नाही." एव्हर्टने हे गावभर सांगितलं, दुसरा कोणी बक्षीस मिळाल्याचं सांगेल तसं. स्टेलानच्या सांगण्यावरून तो ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल घ्यायला लागला. रोज सकाळी दोन, खवटपणा मारायला. आणि कॅप्सूल पोटात गेली की दालचिनीचा बन चालतो, असा शोध त्याने स्वतःच लावला.

"तुला साखर आहे," सिगब्रिट म्हणायची.

"साखर नडत नाही, खवटपणा नडतो. तुझाच स्टेलान म्हणतो."

"स्टेलान असं म्हणालेला नाही."

"मग आकडे कोणी काढले? शेजारणीने?"

 स्वतःच्या आकड्यांशी भांडायची तिला सवय नव्हती.

शहाण्णवच्या जूनमध्ये युल्वा तिच्याकडे आली. युल्वा स्टेलानची विद्यार्थिनी, तिशीची, मन लावून काम करणारी, तो आठ वर्षांचा अभ्यास हाच तिचा प्रबंध. ती म्हणाली, "सिगब्रिट, आकडे रुग्णक्रमांकाने लावलेले आहेत. मला स्वतःला बघायला तारखेप्रमाणे लावून देशील का? छापायचे नाहीत."

सिगब्रिटने लावून द्यायला घेतले. एका वर्षाचे लावले आणि चहा प्यायला उठली. दुसऱ्या वर्षाचे लावले आणि उठली नाही. अकरा मेला सगळ्यात वर एव्हर्ट. त्याखाली बारा मेचे, तेरा मेचे. जसजसा मे सरून जून येई तसतसे आकडे उतरत, आणि सणाच्या आदल्या दिवशी ज्यांचं रक्त काढलं ते मधुमेह्यांत सगळ्यात फिके. पहिलं वर्ष सोडलं तर दर वर्षी तेच. आजार काही कॅलेंडर बघून उतरत नसतो. ज्या नळ्या साध्या फ्रीझरमध्ये जास्त दिवस पडल्या, त्या जास्त गुलाबी. एवढंच होतं ते.

तिला एकदम बापाचा वास आला, मीठ आणि ताक यांचा. चरबी झोपत नाही.

तिने युल्वाला सांगितलं की तारखांची यादी जरा राहू दे, दुसऱ्या कामाची घाई आहे. युल्वा म्हणाली, काही हरकत नाही. मग सिगब्रिटने दवाखान्यातल्या नर्सकडून स्वतःच्या दंडातून दहा नळ्या रक्त काढून घेतलं. रक्तावरचं पाणी वेगळं करून पाच नळ्या दवाखान्याच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या, पाच खोल फ्रीझरमध्ये, आणि नेहमीप्रमाणे उन्हाळी घरी गेली. त्या पाच आठवड्यांत एव्हर्टच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर एक फोड आला. तो बरा होईना. "चपलेने चावलं," तो म्हणाला आणि कॅप्सूल दोनच्या तीन केल्या. तिने पट्टी बांधली. मन तिकडे नळ्यांपाशी होतं, आणि हे तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी तिने दहाही नळ्या उकळल्या. खोल फ्रीझरच्या पाच पाण्यासारख्या फिक्या. दवाखान्याच्या पाच गुलाबी, थेट जूनमधल्या मधुमेह्यांइतक्या. एकसष्ट वर्षांची, डोकेदुखीची गोळीही न घेणारी धडधाकट बाई जुलैत गंभीर आजारी पडली होती, तीसुद्धा फक्त फ्रीझरमध्ये.

कॉफी संपल्यावर ती स्टेलानच्या खोलीत गेली आणि कागद टेबलावर ठेवला. त्याने तो दोनदा वाचला. हुशार माणूस, तिला एक वाक्यही बोलावं लागलं नाही.

"हे कोणाला दाखवलंस?"

"कोणाला नाही."

"छान. म्हणजे, काम छान केलंस." त्याने चष्मा काढून पुसला. "एका बाईच्या दहा नळ्या आहेत या, सिगब्रिट."

"तारखा बघ. आठ वर्षांच्या आहेत."

"बघितल्या. पुढच्या वर्षी हे नीट करू या. मोठ्या प्रमाणावर."

"युल्वाचा प्रबंध सप्टेंबरात आहे."

"युल्वाशी मी बोलतो. ती एक ओळ घालेल, नमुन्यांच्या साठवणीबद्दल. बास." मग तो थांबला आणि फार मायेने म्हणाला, "मला तुझी काळजी आहे. वहीतलं अक्षर तुझं आहे ना. उणे सत्तर, उणे सत्तर, पानोपानी. तुला उगाच त्रास होऊ नये."

त्याने आवाज चढवला असता तर तिनेही चढवला असता. पण इथे कोणी आवाज चढवत नाही. गोड बोलून गळा कापायची रीत आहे, आणि कापून घेणाऱ्याने आभार मानायची. ती म्हणाली, "बरं." सात वर्षांपूर्वी नर्सला म्हणाली होती तेच.

प्रबंध छापून आला की तो विद्यापीठाच्या भिंतीवर खिळ्याने ठोकतात, बचावाच्या, म्हणजे जाहीर तोंडी परीक्षेच्या, तीन आठवडे आधी. एकदा ठोकला की तो सगळ्यांचा. मग त्यातलं अक्षर हलत नाही. त्या दिवशी वरून हिरव्या साखरेचा थर असलेला केक आणलेला होता, युल्वाची आई दक्षिणेतून गाडीने आली होती, स्टेलानने नवा टाय घातला होता. सिगब्रिटने टेबलावरची एक प्रत उचलली आणि साठवणीचं पान काढलं. तिथे एकच ओळ होती: सर्व नमुने काढल्याबरोबर उणे सत्तरला ठेवण्यात आले. मग तिने आभाराचं पान बघितलं. 'सिगब्रिट न्यूहोल्म यांस, ज्यांचे हात कधी चुकले नाहीत.'

तिने युल्वाला बाजूला घेतलं. "स्टेलान तुझ्याशी बोलला का?"

"कशाबद्दल?"

युल्वाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. नाटक करणारी पोर नव्हती ती. तिला खरोखर माहीत नव्हतं.

"साठवणीबद्दल," सिगब्रिट म्हणाली.

"ते तुझ्या वहीतूनच घेतलंय, काळजी करू नकोस," युल्वा म्हणाली आणि तिच्या हातात हातोडी दिली. "तू ठोक. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. हे पुस्तक तुझंच आहे."

सगळे टाळ्या वाजवायला लागले. तीनशे प्रती टपालाने जगभर गेल्या होत्या. तीन आठवडे हातात आहेत, ती मनाशी म्हणाली, तिला एकटीला गाठून सांगीन. आणि तिने खिळा ठोकला. सरळ गेला, एका घावात. हातच तसे होते.

ते तीन आठवडे एव्हर्टच्या पायाने खाल्ले. अंगठा काळा पडला, मग शेजारचं बोट, आणि शस्त्रक्रियेच्या वॉर्डात दोन्ही काढून टाकावी लागली. तिथल्या डॉक्टरीणबाईने विचारलं, "साखर इतकी वाढली तरी लक्षात कसं आलं नाही? पथ्य पाळत नव्हता?"

"मी कॅप्सूल एक दिवस चुकवलेली नाही," एव्हर्ट अभिमानाने म्हणाला. "हवं तर हिला विचारा. ही संशोधनात आहे."

डॉक्टरीणबाईने सिगब्रिटकडे बघितलं. सिगब्रिटने जमिनीकडे बघितलं. तिथून निघताना, बोगद्यात, तिने ठरवलं. बचावाच्या शेवटी सभागृहाला विचारतात, कोणाला काही म्हणायचं आहे का, आणि कोणीही उठू शकतं, झाडूवालासुद्धा. त्या वेळी ती उठणार. स्वतःचं नाव घेऊन सांगणार की चूक माझी, जुलै माझा, आणि आकडे फ्रीझरचे. तिने नळ्यांच्या आकड्यांचा कागद घडी करून पाकिटात ठेवला.

सभागृह भरलेलं होतं. ती मागून तिसऱ्या रांगेत बसली, शेजारी युल्वाची आई, मांडीवर फुलं. परीक्षक कोपनहेगनहून आला होता, बारीक दाढीचा, नीट तयारी करून. दोन तास त्याने हे ते विचारलं. मग पान उलटलं आणि म्हणाला, "या चाचणीचं एक दुखणं आहे. नमुने नीट गार ठेवले नाहीत तर ते नळीतच खवटतात. तुम्हाला खात्री आहे ना?"

सिगब्रिटने पाकीट काढून मांडीवर घेतलं. देव होता तर. तिला उठायचीही गरज नव्हती, प्रश्न आपल्या पायाने चालत आला होता.

युल्वा हसली. "पूर्ण खात्री आहे. आठ वर्षं एकाच व्यक्तीने ते सांभाळलेत. सिगब्रिट, तिथे बसली आहे ती."

दोनशे डोकी वळली. परीक्षकही चष्म्यावरून बघायला लागला. स्टेलान पहिल्या रांगेतून मागे वळून बघत होता, नेहमीसारखाच मायेने. युल्वाच्या आईने तिच्या मनगटावर हात ठेवला. सगळे हसत होते, प्रेमाने. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा एवढ्या लोकांनी तिच्याकडे एकदम बघितलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. अर्धा क्षण, पण वाटलं. त्या अर्ध्या क्षणात तिची मान हलली. होय अशी.

"मग प्रश्नच मिटला," परीक्षक म्हणाला आणि त्याने पान उलटलं.

शेवटी सभागृहाला विचारलं गेलं. कोणाला काही? पाकीट तिच्या मांडीवर होतं. आता उठायचं म्हणजे आधीची मान खोटी होती हे आधी सांगावं लागणार, आणि युल्वाची आई फुलांवरचे कागद सोडवायला लागली होती. कोणालाच काही म्हणायचं नव्हतं. युल्वा एकमताने डॉक्टर झाली.

संध्याकाळच्या जेवणाला सिगब्रिट गेली नाही. घरी एव्हर्ट पाय स्टुलावर ठेवून बसला होता. तो वॉर्डात असताना युल्वाने पाठवलेली प्रत त्याच्या मांडीवर उघडी होती.

"झाली का पास?"

"झाली."

"म्हणजे मीही झालो. माझीच नळी ना सगळ्यात वर?"

ती अंगातला कोट न काढताच समोर बसली आणि सगळं सांगून टाकलं. साधा फ्रीझर, मे महिना, किल्ली, पाच आठवडे, स्वतःच्या दहा नळ्या. तो सगळ्यात गुलाबी होता कारण ती त्याला पहिल्या दिवशी नेत होती, दुसरं काही कारण नव्हतं. कॅप्सूलचा उपयोग आहे असं कोणाला म्हणता येणार नाही. साखर मात्र खरी होती, पहिल्यापासून. तिचं आयुष्यात एवढं लांब बोलणं झालं नव्हतं.  संपल्यावर एव्हर्टने तिच्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं.

"दमलीयस तू," तो म्हणाला. "माझ्या पायापायी तुझ्या डोक्याने भलतंच घेतलंय."

"खरं सांगतेय, एव्हर्ट."

"हे बघ." त्याने आभाराचं पान काढून तिच्यापुढे धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "छापलंय. आणि आज तो कोपनहेगनवाला आला होता, एवढी माणसं होती. खोटं असतं तर तू तिथेच उठून बोलली असतीस. मी ओळखतो ना तुला."

 त्याने टेबलावरची बाटली घेतली, तीन कॅप्सूल हातावर ओतल्या आणि दुसरा हात तिच्यापुढे केला, पाण्यासाठी.